पतंगाने रंग बदलला नाही

सासरी निघालेल्या मुलीला वडीलधारी माणसे एक वाक्य हमखास सांगतात: ‘जुळवून घे.’ बदलायचे कोणी, हे त्या वाक्यात ठरलेलेच असते. मुलीने बदलायचे, घर आहे तसेच राहणार. हेच क्रियापद आमच्या विज्ञानाच्या पाठांत येऊन बसले आहे. अनुकूलन म्हणजे काय, असे विचारले की मुले घडाघडा सांगतात, ‘सजीव बदलत्या परिस्थितीशी जुळवून घेतात.’ आम्हीही त्यांना पैकीच्या पैकी गुण देऊन मोकळे होतो. शहरे वाढत आहेत, हवामान तापत आहे, तेव्हा कीटकांचे आणि वनस्पतींचे काय होणार, असा प्रश्न वर्गात निघाला तरी उत्तर तयारच असते. जुळवून घेतील!

या उत्तराविषयी आमच्या मनात बरेच दिवस खुटखुट होती. मेन्नो स्खिल्टहाउझन या डच जीवशास्त्रज्ञांचे ‘डार्विन कम्स टू टाउन’ हे इंग्रजी पुस्तक वाचताना ती आधी वाढली आणि मग थोडी उलगडली. पुस्तक २०१८ साली प्रसिद्ध झाले. लेखक लायडन येथील नॅचरॅलिस या निसर्गविज्ञान संस्थेत संशोधन करतात. उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांपूर्वी, दूरच्या बेटावर घडलेली गोष्ट, अशी जी आपली समजूत असते ती त्यांना मोडायची आहे. फुटपाथच्या फटीत, रस्त्यावरच्या दिव्याखाली, रेल्वेच्या भुयारात ती आज चालू आहे, हे ते एकामागून एक उदाहरणे देऊन सांगतात. भाषा गप्पा मारल्यासारखी आहे. प्रयोग कोणी, कुठे आणि कसा केला हे ते टाळत नाहीत, हा तर मोठाच गुण. शिक्षकांनी हे पुस्तक मिळवून वाचावे, असे आमचे स्पष्ट मत आहे. तरीही ते वाचून बाजूला ठेवताना मनात जे चित्र उरते त्याबद्दल आमची तक्रार आहे, आणि ती करण्यासाठी त्यातल्या काही गोष्टी उलगडून पाहायला हव्यात.

सुरुवात इंग्लंडमधल्या पतंगापासून करू, कारण तो पुस्तकात आहे आणि आपल्याही वर्गात आहे. बिस्टन बेट्युलॅरिया हा पांढुरका, काळे ठिपके असलेला निशाचर पतंग. दिवसा तो झाडावर पंख पसरून निपचित बसतो. झाडाच्या सालीवर दगडफूल वाढलेले असले की तो दिसतच नाही. (मसाल्यात घालतो तेच दगडफूल, निदान त्याचेच भाऊबंद.) १८४८ साली मँचेस्टरमध्ये या जातीचा एक पूर्ण काळा पतंग सापडल्याची नोंद आहे. गिरण्यांच्या धुराने तोवर साली काजळल्या होत्या आणि दूषित हवेत दगडफूल मरत चालले होते. १८९५ पर्यंत त्या परिसरातले शंभरातले सुमारे अठ्ठ्याण्णव पतंग काळे झाले. १९५६ साली ब्रिटनमध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला, धूर कमी होत गेला आणि काळे पतंगही कमी होत गेले. केंब्रिजजवळ २००१ साली ते १२ टक्के होते, २००७ साली जेमतेम एक टक्का उरले.

आता ‘काळे झाले’ हे आम्ही वर लिहिले ते पुन्हा वाचून पाहा. आम्हीसुद्धा तीच चूक केली! एकही पतंग काळा झाला नाही. पांढुरका पतंग मरेपर्यंत पांढुरकाच होता, फक्त तो लवकर मरत होता. पक्ष्यांना तो काजळलेल्या सालीवर सहज दिसे. काळे वाचत, अंडी घालत आणि त्यांची काळी पिल्ले वाढत. जुळवून घेण्याचे काम कोणीच केले नाही. मरणाऱ्यांची आणि उरणाऱ्यांची संख्या बदलली, एवढेच. पण आपल्या क्रियापदाला मेलेले पतंग दिसत नाहीत.

काजळीने पतंगांना काळा रंग दिला का, हाही प्रश्न मुले विचारतात, आणि तो चांगला प्रश्न आहे. २०१६ साली ‘नेचर’मध्ये त्याचे सुरेख उत्तर आले. काळ्या पतंगांच्या जनुकद्रव्यात एका ठराविक जागी सुमारे २२ हजार अक्षरांचा एक तुकडा घुसलेला सापडला. असे तुकडे जनुकद्रव्यात इकडून तिकडे उड्या मारत असतात. ही उडी कधी पडली असावी याचे गणित संशोधकांनी मांडले, तेव्हा सर्वाधिक संभाव्य वर्ष आले १८१९ च्या आसपासचे. म्हणजे पहिली नोंद होण्याच्या सुमारे तीस वर्षे आधीचे. काळा रंग अपघाताने आला होता. काजळीने तो निर्माण केला नाही, त्याला भाव मिळवून दिला.

याच पतंगावर बर्नार्ड केटलवेल यांनी १९५३ आणि १९५५ साली केलेले प्रयोग पुस्तकांतून अजरामर झाले. पुढे त्यांच्यावर टीकाही पुष्कळ झाली. पतंग दिवसा सोडले, सोडले तेही बुंध्यावर आणि फार दाटीने, निसर्गात ते फांद्यांच्या खालच्या अंगालाही बसतात, वगैरे. काहींनी तर सगळी कथाच खोटी ठरवून टाकली. स्वतः टीकाकार असलेले मायकेल मॅजेरस मात्र टीका करून थांबले नाहीत. केंब्रिजमध्ये सहा वर्षे, २००२ ते २००७, त्यांनी ४८६४ पतंग रात्री सोडले आणि सकाळी पक्षी काय करतात ते दुर्बिणीतून पाहिले. स्वच्छ हवेत काळे पतंग अधिक खाल्ले जात होते. २००९ साली मॅजेरस वारले आणि त्यांचे आकडे सहकाऱ्यांनी २०१२ साली प्रसिद्ध केले. वर्गात पतंगाचे चित्र दाखवतो तेव्हा या टीकेची आणि फेरतपासणीची गोष्टही सांगायला काय हरकत आहे? चित्रापेक्षा तीच अधिक शिकवते.

पुस्तकाच्या सुरुवातीलाच लंडनच्या भुयारी रेल्वेतला डास भेटतो. दुसऱ्या महायुद्धात बाँबवर्षावापासून वाचण्यासाठी लोक भुयारी स्थानकांत झोपत, तेव्हा या डासांनी त्यांना फोडून काढले होते. दिसायला तो जमिनीवरच्या क्युलेक्स डासासारखाच असतो, पण वरचा प्रामुख्याने पक्ष्यांना चावतो आणि भुयारातला माणसांना. वरचा हिवाळ्यात निद्रिस्त होतो, खालचा वर्षभर जागा असतो. वरच्या मादीला अंड्यांसाठी रक्त लागते, खालची पहिली अंडी रक्ताशिवायही घालते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोघांत अनुवंशिक फरक दिसले. भुयारे सुरू झाली १८६३ साली. तेव्हा दीडशे वर्षांच्या आत माणसाच्या बांधकामाने जवळजवळ नवी जातच घडवली, अशी ही गोष्ट. सांगायला झकास, ऐकायलाही झकास. आम्हीही ती एका शिबिरात मोठ्या हौसेने सांगितली होती.

ती चुकीची निघाली. २०२५ साली ‘सायन्स’मध्ये आलेल्या संशोधनाने अनेक देशांतल्या डासांची जनुके तपासली, तेव्हा हा डास लंडनमध्ये घडलेलाच नाही असे दिसून आले. तो हजाराहून अधिक वर्षांपूर्वी भूमध्य समुद्राच्या आसपास, बहुधा मध्यपूर्वेत, माणसांच्या वस्तीत घडला. उत्तरेकडच्या थंडीत त्याला उघड्यावर तग धरता येत नव्हता, म्हणून तो तळघरांत आणि भुयारांत शिरला. गुण आधीचे होते, घर नंतर मिळाले.

२०१८ च्या पुस्तकाला २०२५ चे संशोधन ठाऊक असावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. पण शंकेला जागा आधीपासून होती. वेगवेगळ्या देशांतले हे डास आपापल्या वरच्या डासांपेक्षा एकमेकांच्या जवळचे आहेत, असे दाखवणारा अभ्यास २००४ सालीच आला होता. शिवाय या डासाचे शास्त्रीय नाव, ‘मोलेस्टस’ म्हणजे त्रास देणारा, कोणी ठेवले? फोर्स्कोल या निसर्गअभ्यासकाने, इजिप्तमधल्या डासांना, १७७५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात. लंडनच्या भुयारांआधी ८८ वर्षे! नावाच्या मागे लागलेल्या वर्षाकडे नजर टाकली असती तरी लेखणी थोडी अडखळली असती. इथे लेखकाला एकट्याला दोष द्यावा असे नाही, ही गोष्ट सगळ्यांनाच आवडली होती. पण अशाच गोष्टींची आम्हाला भीती वाटते. शहर हे नव्या जातींचा कारखाना आहे, हा पुस्तकाचा सूर जिथे सर्वांत खणखणीत लागतो, नेमका तिथलाच पुरावा कच्चा निघाला.

पक्का पुरावा कसा असतो हे पाहायचे तर याच पुस्तकातल्या एका तणाकडे वळावे. दक्षिण फ्रान्समधल्या माँपेलिए शहरात फुटपाथवरच्या झाडांभोवती मातीचे छोटे चौकोन सोडलेले असतात. त्यांत क्रेपिस सँक्टा नावाचे पिवळ्या फुलांचे तण उगवते, आपल्या एकदांडीच्याच कुळातले. याच्या एका फुलोऱ्यात दोन प्रकारचे बी धरते. मधले हलके, रुईच्या म्हातारीसारखे छत्री घेऊन उडणारे. कडेचे जड, जागच्या जागी पडणारे. मोकळ्या रानात उडणाऱ्या बीला नवी जागा मिळते. शहरात मात्र ते उडून पडते ते काँक्रीटवर. संशोधकांनी मोजले, तेव्हा आपल्या चौकोनाच्या मातीत पडण्याची उडत्या बीची शक्यता जड बीपेक्षा ५५ टक्क्यांनी कमी भरली.

मग शहरातल्या झाडांना जड बी अधिक धरत असेल का? धरत होते. पण इथेच घाईने ‘उत्क्रांती झाली’ म्हणता येत नाही. कदाचित फुटपाथची माती, उष्णता, पाण्याचा तुटवडा यांमुळे त्या एका झाडाने तसे बी धरले असेल. हा फरक झाडाच्या आयुष्यापुरता, वंशाचा नाही. म्हणून संशोधकांनी शहरातले आणि रानातले बी एकाच काचघरात, सारख्या मातीत, सारखे पाणी देऊन वाढवले. तरीही शहरी बियांपासून आलेल्या झाडांना जड बी अधिक धरले. म्हणजे फरक वंशात उतरला होता, आणि हिशेबाप्रमाणे त्याला ५ ते १२ पिढ्या पुरल्या होत्या. तण वर्षायू असल्याने तेवढीच वर्षे. हे काम २००८ साली प्रसिद्ध झाले.

हा सारख्या मातीचा प्रयोग शाळेत करून पाहण्याजोगा आहे. अंगणाच्या फरशीच्या फटीतली एकदांडी खुरटी असते आणि बांधावरची ऐसपैस. दोन्हींचे बी सारख्या कुंड्यांत लावावे. रोपे सारखीच वाढली तर फरक मातीचा होता. पुढच्या पिढीतही खुरटेपणा टिकला, तर मात्र मुलांसह आपणही कुंड्यांपुढे बसून विचार करायला हवा.

माँपेलिएच्या तणाच्या यशाची एक काळी बाजू आहे. उडणारे बी कमी होत गेले की चौकोन चौकोनापासून तुटत जातो. नवा वंश बाहेरून येत नाही, एखादा चौकोन खणला गेला तर तो पुन्हा भरायला कोणी येत नाही. आज ज्याने तगवले तेच उद्या कोंडून घालू शकते. असेच काहीसे दिव्याभोवतीच्या पतंगांचे. स्वित्झर्लंडमधल्या बाझल परिसरातल्या उजेडाच्या आणि अंधाराच्या जागांवरून एका छोट्या पांढऱ्या पतंगाच्या अळ्या आणून सारख्या परिस्थितीत वाढवल्या. उजेडी भागातल्या वंशाचे पतंग दिव्याकडे सुमारे ३० टक्क्यांनी कमी गेले. दिव्याभोवती फिरून मरणे वाचले, चांगले झाले. पण त्यासाठी पतंग एकूणच कमी उडू लागले असतील, तर फुलांचे परागण आणि वटवाघळांचे अन्न यांचे काय, अशी शंका संशोधकांनीच २०१६ साली उपस्थित केली आहे.

आता आमची मूळ तक्रार. या सगळ्या गोष्टी उरलेल्यांच्या आहेत. पुस्तक वाचताना एकामागून एक जिंकणारे भेटत जातात आणि शहर ही भरभराटीची जागा वाटू लागते. लेखक संवर्धनाचे विरोधक मुळीच नाहीत, आणि सगळ्याच जातींना शहर मानवत नाही हे ते सांगतातही. पण विधान एका परिच्छेदात असते आणि गोष्ट पानेच्या पाने चालते. वाचकाच्या, विशेषतः विद्यार्थ्याच्या, लक्षात गोष्ट राहते. जे कीटक शहरात आलेच नाहीत, किंवा होते आणि गेले, त्यांची गोष्ट सांगणार कशी? त्यांच्याजवळ प्रसंग नाही, नुसते आकडे आहेत.

ते आकडे बेल्जियममध्ये मोठ्या चिकाटीने गोळा केले गेले. रानापासून शहराच्या मध्यापर्यंत ठरलेल्या जागा निवडून फुलपाखरे, पतंग, नाकतोडे, भुंगेरे, कोळी असे अनेक गट मोजले. २०१८ साली ‘नेचर’मध्ये आलेला त्यातला एक निष्कर्ष पाहा. शहर तापलेले असल्याने बहुतेक गटांत लहान आकाराच्या जाती उरल्या. (उष्णतेत शरीराची भट्टी जोरात चालते, मोठ्या देहाला ते परवडत नाही.) फुलपाखरे, पतंग आणि नाकतोडे यांच्यात मात्र उलटे, मोठ्या जाती उरल्या, कारण हिरवे तुकडे दूरदूर, आणि मोठे पंख लांब नेतात. इथे कोणाच्याही देहात, कोणाच्याही वंशात काही बदलण्याची गरज पडली नाही. शहराने चाळण लावली आणि काही जाती खाली गळून गेल्या. चाळणीवर राहिलेल्याला आपण ‘जुळवून घेतले’ म्हणतो. गळलेल्याला काय म्हणायचे, याचा शब्द आपल्या पाठात नाही.

म्हणजे ‘जुळवून घेतात’ या एका वाक्याखाली आपण निदान तीन निरनिराळ्या घटना कोंबत आलो आहोत: एका जिवाच्या आयुष्यातला फरक, वंशातला बदल आणि जातींची चाळण. तिन्हींची गती निराळी, किंमत निराळी. शहरातल्या तणाबाबत हा घोळ एकवेळ चालून जाईल. हवामानाबाबत तो महागात पडतो, कारण तिथे वेळेचाच प्रश्न आहे.

नेदरलँड्समध्ये ओक वृक्षांवर जगणाऱ्या हिवाळी पतंगाचे उदाहरण या पुस्तकाला पूरक म्हणून वाचावे. याच्या मादीला उडता येत नाही. ती खोडावरून चढून फांद्यांवर अंडी घालते आणि वसंतात अळ्या बाहेर येतात. त्यांना कोवळी पालवी लागते. पालवीआधी आल्या तर थोड्याच दिवसांत उपासमार, उशिरा आल्या तर पाने जून आणि तुरट झालेली. वसंत लवकर उबदार होऊ लागला तेव्हा अंडी आणि कळ्या दोन्ही लवकर उघडू लागल्या, पण सारख्या प्रमाणात नाही. अंडी पुढे पळाली. गेल्या शतकाच्या अखेरीस अळ्या बोडक्या फांद्यांवर जन्माला येत होत्या. पुढे, २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की सारख्या तापमानात ठेवलेली अंडी आधीच्यापेक्षा उशिरा फुटत आहेत. वंशच बदलला होता. ते कसे घडले याचा तपशील वर्गात सांगायलाच हवा: लवकर फुटणाऱ्या अळ्या वर्षानुवर्षे उपाशी मेल्या. पतंगांची संख्या प्रचंड, दर वर्षाला एक पिढी आणि उशिरा फुटणाऱ्या अंड्यांचा वंश आधीच हाताशी, म्हणून एवढे मरण सोसूनही जात उरली.

आणि ज्या ओकवर हे घडले, त्याचे काय? ओकला पहिले फळ धरायलाच काही दशके लागतात. पतंगाच्या तीसेक पिढ्या होतात तेव्हा कुठे ओकची एक. शहरी पुराव्यांतल्या बहुतेक गोष्टी वर्षायू तणांच्या आणि अल्पायुषी कीटकांच्या का आहेत, हे इथे कळते. लवकर मरणाऱ्यांचा हिशेब लवकर दिसतो. पुस्तक संपल्यावर आम्ही झाडांची उदाहरणे आठवायला बसलो, तर तण आठवले, वृक्ष एकही आठवला नाही.

राहता राहिला तो कागदी पतंगांचा खेळ. वर्तमानपत्राचे आणि काळ्या कागदाचे सारखे तुकडे करायचे, वर्तमानपत्रावर पसरायचे, दहा सेकंदांत पक्षी झालेल्या मुलाने सापडतील तेवढे उचलायचे, उरलेल्या प्रत्येकाला त्याच्याच रंगाचे एक पिल्लू द्यायचे आणि पुन्हा फेरी. मग खाली काळा कागद अंथरायचा आणि चक्र उलटे फिरताना पाहायचे. अनेक शाळांत हा खेळ होतो, आम्हीही घेतो. त्यानंतर वहीत उत्तर येते, ‘पतंगाने परिस्थितीप्रमाणे रंग बदलला.’ फेऱ्यांचे आकडे फळ्यावर मांडले, मेलेल्यांचा निराळा रकाना केला, तरी येते. क्रियापद जबर आहे.

मागच्या वेळी आम्ही एक बदल केला. सुरुवातीच्या पिशवीत काळे तुकडे ठेवलेच नाहीत, सगळे वर्तमानपत्राचे. काळा कागद अंथरला. पहिल्या फेरीत निम्म्याहून अधिक गेले, दुसऱ्या फेरीत चार उरले, तिसऱ्या फेरीत कागद मोकळा. पुढच्या पाळीची मुलगी हात पुढे करून तशीच बसून राहिली. मागून कोणीतरी म्हणाले, ‘सर, काळे टाका ना त्यात.’ आम्ही विचारले, कुठून आणायचे? मग वर्गात जी वादावादी सुरू झाली ती तास संपल्याची घंटा झाली तरी थांबेना.